मांडीवरची पोर

फोटोत खुर्ची एक होती, स्टूल एक आणि स्टुलावर कुंडी एक. पाठीमागे रंगवलेला पडदा, पडद्यावर तळं, तळ्यात एक हंस. माणसं दोन: खुर्चीत बसलेला खाकी वर्दीतला जवान आणि त्याच्या डाव्या मांडीवर झबलं घातलेली पोर. वर्दीची दिसणारी बटणं चार, कमरेच्या पट्ट्याचं बकल एक. पोरीचा एकच हात दिसत होता, दुसरा बापाच्या कोपराआड गेला होता. पाय झबल्यात झाकलेले.

प्रियदर्शनीने भिंग बाजूला ठेवलं आणि सगळं वहीत उतरवून घेतलं. बी.एस्सी. झाल्यापासून ती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायची. कुठलीही गोष्ट आधी मोजायची, मग बोलायचं, अशी तिला सवयच लागली होती.

"पोरगी कॅमेऱ्यात बघतेय," ती म्हणाली. "आजोबा नाही बघत. ते या बाजूला बघतायत, जरा खाली."

"फोटोवाल्याकडं बघत आसतील," तिची आई साखरबाई म्हणाली. "तू ते सोड. ती पोर मी हाय, एवढं लिही की झालं."

"तू कशी?" भामाबाई सोफ्याच्या अगदी कडेवर बसली होती. धाकट्या बहिणीच्या घरी ती कधीच पाठ टेकून बसत नसे. "ती मी हाय."

भामाबाई भवानीनगरला अंगणवाडी चालवायची. नवरा साखर कारखान्यात हंगामी कामगार होता, तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. साखरबाईचा नवरा तहसील कचेरीत नोकरीला. बारामतीत घर, घरात फ्रीज, सोफ्यावर विणलेल्या जाळ्या. भामाबाई आली की साखरबाई फ्रीजमधलं पाणी पुढे करायची आणि भामाबाई विचारायची, "माठातलं न्हाय का?" माठ या घरातून कधीच गेला होता, हे तिला ठाऊक होतं. पण विचारायला काय जातंय?

खरं तर फ्रीजचं तिला काही नव्हतं. सोफ्याचंही नव्हतं. तिचा जीव अडकला होता या वीतभर कागदात. बाप भिमा महार पलटणीत भरती झाला, एकदा सुट्टीवर येऊन गेला आणि ब्रह्मदेशात मेला. पलटणीतून त्याच्या सामानाचं गाठोडं आलं, त्यातलं एक पितळी बकल तेवढं घरात टिकलं. आई चंद्राबाई गेल्यावर दोघी बहिणींनी तिची ट्रंक उघडली, तेव्हा बापाच्या म्हणून दोनच जिनसा निघाल्या, हा फोटो आणि ते बकल. तोंड साखरच्या वाट्याला गेलं, बकल भामाच्या. "तू थोरली, तू समजून घे," असं मामा म्हणाला होता. सतरा वर्षं झाली, भामाबाई अजून समजून घेत होती.

आणि आता हे नवीन. धम्मचक्र प्रवर्तनाला यंदा चाळीस वर्षं होत होती. माहेरगावच्या विहारात, महायुद्धात गेलेल्या गावच्या अकरा जवानांचे फोटो लागणार होते. फोटोखाली नावं रंगवायची होती. त्या अकरा फोटोंत मूल असलेला फोटो हा एकच, आणि ते मूल अजून हयात. त्यामुळे उद्घाटनाचा पडदा त्याच मुलाने, म्हणजे आता म्हातारी झालेल्या त्या पोरीने, सरकवायचा असं कमिटीने ठरवलं होतं.

कमिटीचे ज्ञानदेव तात्या समोरच बसले होते. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. चहा बशीत ओतता ओतता ते म्हणाले, "मला नाव पायजे बायांनो. एकच. 'कन्या' लिवून म्होरं जागा सोडलीया."

"फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का आहे, मे एकोणीसशे चव्वेचाळीस," प्रियदर्शनी म्हणाली. "तेव्हा मावशी चार वर्षांची. आई दीड वर्षाची."

"मंग झालं की!" साखरबाईने टाळी वाजवली. "आक्का, चार वर्साची घोडी त्या मांडीवर मावंल का गं?"

"दर महिन्याला चाळीस पोरांची वजनं करती मी," भामाबाई म्हणाली. "उपाशी पोर चार वर्साचं आसलं तरी दोनाचं दिसतं. आन् तवा आपल्या घरात काय तुपाचा डबा उपडा पडला हुता?"

"मला आईनं सोताच्या तोंडानं सांगितलंय. माझ्या पहिल्या बाळंतपणात. ट्रंक उघाडली, म्हणली, ही बघ तू, बापाच्या मांडीवर."

भामाबाईने कपबशी खाली ठेवली. "मला नांदायला धाडली तवा सांगितलं तिनं. हीच ट्रंक. ही बघ तू, बापाच्या मांडीवर."

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. मग तात्या हसले. "चंद्राक्का शानी बाई. एक फोटू दोन पोरींना पुरवला."

"तिनं पुरवला आसंल," भामाबाई तडकली, "पर मला याद हाय. तो पडदा मला याद हाय. निळं तळं आन् त्यात दोन हंस. एक मान वर केलेला, एक पाण्यात चोच घातलेला."

"फोटूत एकच हाय," साखरबाई म्हणाली.

"दुसरा बाबाच्या खांद्याआड हाय. तुला दिसत न्हाय, कारण तू तितं नव्हतीस."

प्रियदर्शनीने हेही वहीत लिहून घेतलं. लिहिता लिहिता तिचं पेन एकदा थांबलं. तिने मावशीकडे पाहिलं, पण बोलली मात्र दुसरंच. "हे मोजता येईल. मांडीपासून टाळूपर्यंत पोरीची उंची किती, ते काढू. फक्त फोटोतली एक तरी वस्तू खरी हातात पाहिजे, म्हणजे माप लागेल. खुर्ची, बटण, काहीही."

"बकल!" साखरबाई म्हणाली. "आक्काकडं हाय की बकल."

सगळ्यांची तोंडं भामाबाईकडे वळली.

"हरवलं," भामाबाई म्हणाली.

"कधी?"

"मागंच. घर शाकारताना."

परतीच्या एसटीत तिने खिडकीची जागा धरली आणि भवानीनगर येईपर्यंत स्वतःशीच भांडत राहिली. आपण खोटं का बोललो? पोर आपणच असलो तर बकल दाखवायला भ्यायचं कशाला? पण साखर टाळी वाजवून हसली होती. लहानपणापासून ती अशीच हसायची. आईच्या कुशीत तीच झोपायची, कारण ती धाकटी. नवं लुगडं तिलाच, कारण ती गोरी. बापाची मांडी तेवढी आपली होती. तीही मोजून घ्यायची म्हणतात.

शनिवारी प्रियदर्शनी अंगणवाडीत हजर. तिने फोटो मोठा करून आणला होता. विहारात लागणार होता तोच, चांगला हातभर. तात्या तो इथूनच नेणार होते.

"मावशी, पोरं मोजू या का? चार वर्षांची आणि दीड वर्षाची. बसवून."

"मोज की. पोरं काय कुणाच्या बापाची न्हाईत."

भिंतीवर भामाबाईनेच रंगवलेला पोपट होता, त्याखाली एकेक पोर पाठ टेकून बसवलं. भामाबाई डोकं सरळ धरायची, प्रियदर्शनी टेप लावायची. चार वर्षांची सहा पोरं निघाली. त्यांतला सगळ्यात खुरटा विकी. त्याच्या वजनाच्या तक्त्यावरची रेघ वर्षभर खालच्या पट्ट्यातून वर सरकली नव्हती. तोही बसून एक्कावन्न सेंटिमीटर भरला. दीड वर्षाची पाच. ती पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीसच्या आत.

"म्हणजे एक्कावन्नच्या वर आली तर तू," प्रियदर्शनी म्हणाली. "अठ्ठेचाळीसच्या खाली आली तर आई. मधे आली तर सांगता येणार नाही. मोठ्या फोटोत पोर साडेअकरा सेंटिमीटर आहे आणि बकल चौदा मिलिमीटर. खरं बकल किती, तेवढंच राहिलंय." ती जरा थांबली. "असतं तर."

"न्हाय ना पर."

"नाही तर नाही." पोरीने टेप भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. आईसारखी हसली मात्र नाही. "मावशी, तात्यांना मी सांगते, दोघींची नावं टाका. कुणाला काय कळतंय?"

भामाबाईला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. ती म्हणाली, "निम्मं निम्मं? त्यापरीस कोरं ऱ्हाऊ द्या."

प्रियदर्शनी गेल्यावर पोरांना सुकडी वाटून झाली. दीड वर्षाची अंजली रडायला लागली, म्हणून भामाबाईने तिला डाव्या मांडीवर घेतलं आणि भिंतीला पाठ लावून बसली. फोटो समोर अंगणवाडीच्या ट्रंकेला टेकवून ठेवला होता. आपण बापासारखंच बसलोय, असं तिला वाटलं. गंमत म्हणून तिने विचारलं, "अंजे, पोपट कुटं हाय?"

पोर समोर बघू लागली. दाराकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं. पोपट पाठीमागे होता. भामाबाईने तिची मान जरा वळवली, तरी भामाबाईच्या खांद्यापलीकडचं तिला काही दिसेना.

"पोपट मला दिसतोय!" विकी ओरडला. तो समोर उभा होता, सुकडीची वाटी पोटाशी धरून. "बाई, मला दिसतोय. आख्खा दिसतोय."

त्याचे डोळे मात्र पोपटावर नव्हते. ते अंजलीवर होते, तिच्याखालच्या मांडीवर. तोंडातली सुकडी तशीच, गाल फुगलेले. चार वर्षांच्या पोराचं तोंड इतकं आंबट होतं की भामाबाईला हसू आलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिच्या ध्यानात आलं की आपली मान एका बाजूला झालीय, आणि जरा खाली.

तिने समोर ट्रंकेला टेकवलेल्या फोटोकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. अंजली मांडीवरच झोपून गेली.

"ये," ती मग विकीला म्हणाली. "उजवी मोकळी हाय."

पोरं घरी गेल्यावर तिने दार लोटलं, फोटो बाजूला सारला आणि ट्रंक उघडली. बकल जुन्या झबल्याच्या चिंधीत गुंडाळलेलं होतं. चिंचेने घासल्यावर पितळ उजळलं. टेप भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला होता. तिने तो काढला नाही. बकल पदराच्या गाठीला बांधलं आणि अंगणवाडीला कुलूप लावलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी विहारात रंगाचा वास भरला होता. दहा फोटोंखाली नावं झाली होती. अकराव्याखाली 'शहीद भिमा, कन्या' इथवर अक्षरं वाळली होती आणि पुढे भिंत मोकळी होती. तात्या हातात बारीक ब्रश घेऊन शिडीच्या घोड्यावर बसले होते. साखरबाई नवं पांढरं लुगडं नेसून, पडद्याची दोरी धरून बघत होती. ओढून बघते म्हणाली, उद्या अडकायला नको.

भामाबाईने पदराची गाठ सोडली आणि बकल प्रियदर्शनीच्या हातावर ठेवलं.

साखरबाईने दोरी सोडली. "आक्का! हरवलं हुतं न्हवं?"

"घावलं."

"कुटं?"

"हुतं तितंच."

प्रियदर्शनी मावशीच्या कानाशी आली. "मावशी, मोजलंस का?"

"न्हाय. मोजायचं काम तुजं."

"बघ हं. एकदा मोजलं की मग मोजलं."

"मोज," भामाबाई म्हणाली. "तात्या खोळंबल्यात. रंग वाळतोय त्यांचा."

"माझं काय," तात्या वरून म्हणाले, "मी म्हातारपणापत्तुर बसतो हितं."

"आता काय तरणं हायसा व्हय?" साखरबाई म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा लागला नाही. ती जवळ आली आणि बहिणीच्या दंडाला हात लावला. "आक्का, ऱ्हाऊ दे की. तुजं नाव टाकू. मला काय, घरात फोटू हाय."

सतरा वर्षांत साखरने पहिल्यांदा काहीतरी आपणहून पुढे केलं होतं. भामाबाईला ते घ्यावंसं वाटलं. फार वाटलं. तिने वर फोटोकडे पाहिलं. बाप आजही कॅमेऱ्यात बघत नव्हता.

"पडदा मला समोरनं आख्खा दिसत हुता, साखरे," ती म्हणाली. "दोन्ही हंस. मोज गं पोरी."

प्रियदर्शनीने खिशातून स्टीलची पट्टी काढली. बकल खिडकीच्या उजेडात धरलं. दोनदा मोजलं, मग उलटं करून पुन्हा एकदा.

"छप्पन्न मिलिमीटर," ती म्हणाली. "फोटोत चौदा. बरोबर चौपट."

मग शिडीची एक पायरी चढून तिने फोटोवर पट्टी लावली, मांडीपासून टाळूपर्यंत. "साडेअकरा."

पुढचा गुणाकार कोणी करेना. तात्यांनी ब्रश डब्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. तेव्हा भामाबाई, दर महिन्याला पोरांची वजनं घेताना जशी स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलायची, तशीच बोलली.

"सेहेचाळीस सेंटिमीटर."