तिसऱ्या रांगेतले गृहस्थ

इस्पितळाच्या लाँड्रीत माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत आणि सहा मशिनं. दोन्ही माझा शब्द ऐकतात, असा माझा समज होता. दर सोमवारी मी मीटिंग घ्यायची, सगळं सांगून टाकायची आणि शेवटी विचारायची, "कोणाला काही बोलायचंय? नाही ना? चला कामाला." पाच मिनिटांत मीटिंग खल्लास.

माझी धाकटी नणंद म्हाताऱ्या, लंगड्या, कुणालाच नको असलेल्या कुत्र्यांचा सांभाळ करते. त्यांच्या शेडचं छप्पर गळायला लागलं म्हणून तिनं एका शाळेच्या हॉलमध्ये लिलाव ठेवला. लोकांनीच घरातल्या वस्तू द्यायच्या, लोकांनीच घ्यायच्या, पैसे छपराला. पुकारायला एक निवृत्त नट ठरला होता. ऐन दिवशी सकाळी त्याचा घसा बसला.

"वहिनी, तू कर," नणंद फोनवर म्हणाली. "तुझा आवाज सहा मशिनांच्या वरून जातो."

त्यात काय अवघड, मी म्हटलं. हुकूमच तर सोडायचेत.

दुपारी चार वाजता हातोडी घेऊन मी टेबलामागे उभी राहिले. समोर साठ-सत्तर माणसं. पहिली वस्तू चिनी मातीची फुलदाणी.

"पाचशेपासून सुरुवात. कोण घेतंय? कोणी नाही? बरं, पुढची."

चार मिनिटांत मी फुलदाणी, टेबललॅम्प आणि एक चांगली दणकट सुटकेस निकालात काढली. विकलं काहीच गेलं नाही. लोक आपापल्या बुटांकडे बघत होते, अगदी माझ्या लाँड्रीतल्यासारखे.

नणंद पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि कानाशी कुजबुजली, "वहिनी, तू विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस. दम धर की जरा."

मी फुलदाणी पुन्हा उचलली. "पाचशे," म्हटलं आणि गप्प राहिले. मनात आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन... जिभेला नुसती खाज सुटली होती. सहाव्या आकड्याला आमच्या शेजारच्या दंतवैद्यांचं बोट वर गेलं. आठव्याला बेकरीवालीचं. फुलदाणी बाराशेला दंतवैद्यांकडे गेली. हिरमुसलेल्या बेकरीवालीला मी म्हटलं, "तुम्ही नसतात तर ही पाचशेतच गेली असती. आभार." ती लाजली, आणि पुढच्या फेरीत सुटकेस तिनंच घेतली.

मी चाटच पडले. हरलेल्याचे आभार मानायचे असतात, हे लाँड्रीतल्या वीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. बहुधा मीच सांगू दिलं नव्हतं.

मग खुर्ची आली.

ती आमच्याच घरची. माझ्या नवऱ्याची. तपकिरी, बसून बसून मधोमध खड्डा पडलेली. दोन दिवसांपूर्वी मी ती गुपचूप नणंदेला दिली होती आणि नवऱ्याला "दुरुस्तीला पाठवलीय" अशी थाप मारली होती. तो लिलावाकडे फिरकणार नव्हताच. पण बायको हातोडी घेऊन उभी राहणार म्हटल्यावर कौतुकानं आला आणि तिसऱ्या रांगेत बसला.

खुर्ची टेबलावर चढली तसा तो अर्धा उठला. मी त्याची नजर चुकवली. "आरामखुर्ची. लपवत नाही, डावा हात जरा डुगडुगतो."

"मुळीच डुगडुगत नाही!" तिसऱ्या रांगेतून आवाज.

हॉल खदखदून हसला.

"तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांना मालाची चांगलीच माहिती दिसते," मी म्हटलं. "बोली लावणार का?"

"पाचशे," नवरा दातओठ खात म्हणाला.

"हजार," दंतवैद्य म्हणाले. दहा वर्षं ते आमच्याकडे चहाला येतात आणि दहा वर्षं नवरा त्यांना त्या खुर्चीतून उठवतो. उट्टं काढायची अशी संधी कोण सोडेल?

दोन हजार. तीन. साडेचार. नवरा डोळ्यांनी सांगत होता, पुरे कर. हातोडी माझ्याच हातात होती, थांबवता आलं असतं. पण पुकारणाऱ्यानं आपलं-परकं केलं की पुढच्या वस्तूला कोण हात वर करणार? शिवाय, खोटं कशाला बोलू, मजाही येत होती.

"साडेसहा दंतवैद्यांचे! गृहस्थ, दमलात का?"

"सात! आणि बाकीचं घरी गेल्यावर बोलू!"

लोक हसून हसून कोलमडले. दंतवैद्यांनी हात जोडले.

"एक वार... दोन वार... तीन वार!"

हातोडी आपटून मी दंतवैद्यांचे आभार मानले. नवऱ्याला तेही झोंबलं.

घरी जाताना खुर्ची गाडीच्या टपावर पाय वर करून बांधलेली. तिसऱ्या सिग्नलला नवरा म्हणाला, "विचारलं असतंस तर दिली असती."

"खरंच?"

"नाही. पण विचारायचं तरी होतंस."

मी हसले, पण ते मनात रुतून बसलं. महिन्याभरापूर्वी मी लाँड्रीची सकाळची पाळी सातवरून सहावर आणली होती, मशिनं लवकर तापावीत म्हणून. कोणी हूं की चूं केलं नव्हतं. मला वाटलं, पटलंय.

सोमवारच्या मीटिंगला मी विचारलं, "सहाची पाळी कशी वाटते?" आणि थांबले. दहा आकडे झाले, पंधरा झाले. ड्रायर घरघरत होता. शेवटी सगळ्यात जुनी इस्त्रीवाली म्हणाली, "बाई, खरं सांगू की नेहमीचं?"

"खरं."

"भिकार आहे."

आणि बांध फुटला. पहिली बसच सहाला सुटते, म्हणून पाचजणी घरापासून पायी येतात. मशिनं तापवायला दोघं पुरतात. "बाकीच्यांनी काय त्यांना ओवाळायचं?" धुलाईवाला म्हणाला. एवढं बोलतो हे मला माहीतच नव्हतं. पाऊण तास झाला. तेवढ्यात मेट्रनचा फोन.

"चादरी कुठेत? मीटिंग अजून चालूच? एवढं काय बोलताय तुम्ही?"

"मी नाही बोलत," मी म्हटलं.

आता जवळ राहणाऱ्यांतले दोघं-दोघं आळीपाळीनं सहाला येतात आणि तासभर आधी सुटतात, बाकीचे सातला. सगळे खूश. इस्त्रीवाली सोडून. तिचं म्हणणं, तिचं टेबल मी उगाच खिडकीपासून हलवलं. आज सकाळपासून तेच ऐकतेय.