हलक्या हातातला प्रोब

मित्रांनो, मी एक जुना प्रोब आहे. सोनोग्राफी करताना अंगाला जेल लावून जी मूठभर वस्तू फिरवतात, ती मीच. तुम्हाला ऐकू न येणारा आवाज मी शरीरात सोडतो, परत येणारे प्रतिध्वनी टिपतो आणि त्यांतून पडद्यावर चित्र उमटते.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला घडवले संशोधक बाईंनी. गाठ नुसती दिसून भागत नाही, ती मऊ की कडक हेही कळायला हवे. कर्करोगाची गाठ बहुधा कडक असते, असे त्या सांगत. जेलीच्या ठोकळ्यांत रबराच्या गोळ्या लपवून त्या मला शोधायला लावत. पडद्यावर मऊ ते निळे, कडक ते लाल. पुढे डॉक्टरही मलाच मागू लागले. मी थोडा शेफारलोच होतो.

एक दिवस बाईंची थोरली बहीण आली. छातीत काहीतरी हाताला लागत होते. बाईंनी मला उचलले तेव्हा त्यांची बोटे गार पडली होती. भीतीने त्यांनी मला इतके दाबले की पडदा लालेलाल झाला. दाबलेला मऊ भागही कडक भासतो, हे सगळ्यांना शिकवणाऱ्या बाई स्वतःच विसरल्या.

"ताई, मला काहीच कळत नाहीये."

"कसं कळेल? तपासतेयस की कणीक मळतेयस? जरा सैल सोड. पळून नाही जात मी."

बाईंना हसू आले. त्यांनी जेलचा जाड थर दिला आणि मला त्यावर अलगद टेकवले. लाली ओसरली. निळ्या पडद्यावर वाटाण्याएवढा एकच लाल ठिपका उरला.

"आता?"

"आहे, ताई. पण लहान आहे."

सुईच्या तपासणीत ती गाठ कर्करोगाचीच निघाली. गाठ लहान असतानाच सापडली, उपचार लागू पडले.

नंतर नवे प्रोब आले आणि मी खणात गेलो. अंगावरचे जेल तसेच वाळले. बाईंनीच मला शोधून, पुसून विद्यार्थ्यांच्या खोलीत आणले. आता मी पुन्हा जेलीतल्या गोळ्या शोधतो. ताई तपासणीला आली की दारातून विचारते, "आमचा कणीकवाला आहे ना अजून?" तेवढ्याने माझा दिवस छान जातो.

मित्रांनो, काम झाले की मला मऊ कापडाने पुसा, माझी वायर पिळू नका, मला पाडू नका. आणि कधी भीती वाटली, तर आधी हात सैल सोडा. तुम्ही भार दिला नाहीत, तरच मला नीट ऐकू येते.