पप्पांचं इंजेक्शन

"पप्पांचं इंजेक्शन बिलकुल दुखत न्हाई," तृप्ती डॉक्टर मॅडमना म्हणाली. "मम्मीचं दुखतं."

मॅडमचा लिहिता हात थांबला. त्याआधी त्या तृप्तीच्या आईला, शालूला, रागावून झाल्या होत्या. तृप्ती अकरा वर्षांची, पण उंची सात वर्षांच्या पोरीएवढी. अंगात वाढीचं हार्मोन कमी पडतं म्हणून वर्षभरापासून रोज झोपताना इंजेक्शन चालू होतं. पेनासारखं यंत्र, त्याला बारीक सुई, मांडीत टोचायचं. एवढ्या औषधावर पोर भराभर वाढायला हवी होती. वाढली होती जेमतेम दोन बोटं. "औषध घरी नीट दिलं जात नाही," असं मॅडमनी तोंडावर सांगितलं होतं, आणि शालू डोळे पुसत म्हणाली होती, "रोज देतो हो, मॅडम. एक दिवस खाडा न्हाई."

"पप्पा कसं देतात, दाखव बरं," मॅडम म्हणाल्या.

तृप्तीनं भिंतीकडं तोंड केलं, डोळे मिटले, टेबलावरचा साधा पेन घेतला आणि त्याचं बोथट टोक मांडीवर दाबलं. "असं. मंग कापूस लावतात. मंग चॉकलेट."

मॅडम शालूकडं बघत राहिल्या. शालूला कळायला एक क्षण लागला. मग तिच्या कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं.

बदनापुरात शालूच्या नवऱ्याचं, कल्याणचं, कृषी सेवा केंद्र होतं. शालू जालन्याच्या एका बियाणं कंपनीत दुसऱ्या पाळीला जायची. ती घरी यायची तेव्हा तृप्ती झोपलेली असायची. म्हणून आठवडाभर इंजेक्शन कल्याण द्यायचा आणि सुट्टीच्या रविवारी शालू. आठवड्यातून एकदाच द्यायचं इंजेक्शनही मिळतं, असं मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेव्हा कल्याणच म्हणाला होता, "रोजचंच लिहा, मॅडम. नव्या औषधाचा काय भरोसा? मी आहे ना घरी."

घरी आल्यावर तृप्ती शेजारी खेळायला गेली, तेव्हा शालूनं एकच विचारलं, "औषध कुठं जात होतं?"

कल्याणनं आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग तो खाटेवर बसला.

"पहिल्या आठवड्यात ती माझ्यापासून पळत होती, शालू. मी घरात आलो की पलंगाखाली जायची. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेईना. मंग एक दिवस मी सुईच लावली न्हाई. नुसतं दाबलं. तर पोरगी हसली, गळ्यात पडली माझ्या."

"औषध कुठं जात होतं?"

"मोरीत."

"वर्षभर?"

"मला वाटलं, वाढंल आपोआप. माझी उंचीपण उशिराच वाढल्ती."

शालूला राजूरचं सासर आठवत होतं. चतुर्थीला सगळं घर तिथं जमलं होतं, आणि जावा-नणंदांच्या पंगतीत तिची सासू द्वारकाबाई म्हणाली होती, "शालूच्या माहेरची माणसंच ठेंगणी. आमच्या खानदानात असं कोणी न्हाई." कल्याण पलीकडंच जेवत होता. त्यानं मान वर करून सांगितलं होतं, "सुई तर रोज चालू आहे, आई. पण मुळातच खोट असंल तर औषध तरी काय करणार?" आणि पुन्हा वरणात भाकरी कुस्करली होती. त्याच वर्षात तृप्ती रविवार आला की आईपासून लपायची. "तू लई वाईट हायेस, पप्पाच चांगले," म्हणायची. शालूला वाटायचं, आपलाच हात जड असेल. दोनदा तिनं स्वतःच्या मांडीत रिकामी सुई टोचून बघितली होती.

कल्याण म्हणाला, "चुकलं माझं. पण हे आपल्या दोघांतच ठेव."

तेवढ्या एका वाक्यानं शालूचं ठरलं.

पोळा झाला होता. कपाशीवर बोंडअळी आली होती आणि बाजाराच्या दिवशी कल्याणच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पंचक्रोशीत त्याच्या शब्दाला किंमत होती. कोणती फवारणी, किती प्रमाण, किती दिवसांनी, हे लोक त्यालाच विचारायचे. शालू पायऱ्या चढून आत आली तेव्हा तो टेंभुर्णीच्या बद्रीनाथला समजावत होता, "एक फवारणी चुकवली की पीक हातचं गेलं समजा. औषधाच्या बाबतीत आळस न्हाई करायचा, भाऊ."

"बद्रीनाथभाऊ," शालू म्हणाली, "हे सांगतात तेवढंच औषध तुम्ही बराबर मारता का?"

बद्रीनाथ हसला. "म्हंजे काय, वहिनी! कल्याणभाऊचा शब्द म्हंजे शब्द."

"मंग ह्यांनी स्वतःच्या लेकीचं औषध वर्षभर मोरीत ओतलं, ते का ओतलं, तेवढं विचारा."

कल्याण गल्ल्यामागून उठला. "शालू, घरी चल. घरी बोलू."

"घरी तुम्ही वर्षभर बोलला न्हाई. आता इथं बोला. पोरगी वाढून राह्यली न्हाई, तर खोट कोणात आहे म्हणून सांगितलं राजूरला? माझ्या माहेरात. सांगा ह्यांना, कोणात आहे."

"लोकं आहेत, शालू."

"तिथंपण लोकंच होते."

त्यानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. कोणी नजर काढून घेतली नाही. शेवटी तो काउंटरकडं बघत म्हणाला, "औषध मी फेकलं. तिच्यात कायी खोट न्हाई."

"मोठ्यानं."

तो मोठ्यानं म्हणाला. बद्रीनाथनं हातातली बाटली हळूच काउंटरवर ठेवली आणि चपला घालून खाली उतरला. त्याच्यामागून आणखी दोघं उतरले. शालू पदर खोचून घराकडं निघाली. कैक महिन्यांनी तिला भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सासरे काकासाहेब राजूरहून आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "पोरी, मायेपायी केलं त्यानं. बापाचं काळीज होतं. तू भर बाजारात त्याची इज्जत काढली."

"मामा, माया त्यांनी केली आणि सुई मी टोचली. लेकरानं वर्षभर मला वैरीण म्हणलं. आत्याबाईंनी माझ्या आईबापाला नावं ठेवली. तवा माझ्या इज्जतीसाठी कोणी गाडी काढून आल्तं का?"

काकासाहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. जाताना एवढंच म्हणाले, "द्वारकीला सांगतो मी."

शालूला एका गोष्टीचा अंदाज आला नव्हता. बाजारातली गोष्ट शाळेत पोचली. तृप्ती दप्तर फेकून रडली, आणि दोन दिवस आईबाप दोघांशीही बोलली नाही. "मला आधी का न्हाई सांगितलं? सगळ्या पोरींना माहीत आहे!" हे मात्र शालूला लागलं. तिनं पोरीची माफी मागितली. नवऱ्याला दिलेल्या शिक्षेतला एक कणही त्यासाठी कमी केला नाही.

आता आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "दोन्हींचं काम जवळपास सारखंच. रोजचं नीट दिलं असतं तर त्यानंही ती वाढली असती. ह्यात वर्षाच्या तीनशे पासष्ट सुया बावन्नवर येतात, एवढंच. पण गेलेलं वर्ष परत येत नाही. मनगटाच्या एक्स-रेत हाडं अजून उघडी आहेत, म्हणजे वाढायला जागा आहे. ती मिटली की वाढ थांबली."

हे शब्द शालूनं घरी येऊन कल्याणला जसेच्या तसे ऐकवले. तो जेवत होता. ताट तसंच सरकवून उठला. तिनं ते झाकून ठेवलं नाही.

रविवारी सकाळी शालू इंजेक्शन द्यायची. पहिल्या काही वेळा तृप्ती ओरडली, मग दात दाबून बसायला शिकली. उन्हाळ्यापर्यंत तिचे दोन फ्रॉक आखूड झाले. वर्गात ती पहिल्या बाकावरून दुसऱ्यावर गेली. हळूहळू बापाशी बोलू लागली, पण त्याच्या गळ्यात मात्र पडायची नाही. दुकानही चालू राहिलं. गिऱ्हाईक यायचं, माल घ्यायचं. औषध किती मारायचं ते मात्र समोरच्या दुकानात विचारायचं. कल्याण हे बघायचा आणि शालू त्याला बघताना बघायची. तिला ते गोड लागायचं. ह्याची लाज वाटायला हवी, असं तिला एकदाही वाटलं नाही.

एका रविवारी कल्याण दारात येऊन उभा राहिला. "आज मी देऊ का? सुई लावून. ती रडली, रागावली तरी चालंल."

"न्हाई."

"शालू, किती दिवस असं?"

"तिची हाडं मिटेपर्यंत. तवा किती उंच झाली ते मोजू, आणि मंग बोलू."

तृप्ती दोघांकडं बघत होती. "पप्पा, बाहेर थांबा," ती म्हणाली. कल्याण बाहेर गेला. शालूनं उठून दार लावून घेतलं, हात धुतले आणि पेनाला नवी सुई लावली.