गिरगावची बस

घराजवळच्या गिरगावच्या स्टॉपवर उर्मिलाने दांडा धरून पाय वर घेतला तोच बस सुटली. मागून अच्युतरावांचा हात तिच्या पाठीला टेकला आणि लगेच निघाला. बायकांच्या राखीव जागांपैकी एक मोकळी होती, तिथे ती बसली. अच्युतराव माणसांमधून वाट काढत मागे गेले.

"दोन परळ," तिने कंडक्टरला सांगितलं.

"दुसरं कोण, आजी?"

"मागे आहेत. निळा शर्ट."

कंडक्टरने मान उंचावून पाहिलं आणि पुढे सरकला. उर्मिलानेही वळून पाहिलं. गर्दीत अच्युतरावांचा फक्त दांड्याला धरलेला हात दिसत होता.

गाडी विकून तीन आठवडे झाले होते. अच्युतरावांना काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसेनासं झालं होतं. गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी ठाकूरद्वारला उभ्या असलेल्या टेम्पोला त्यांचा आरसा घासला. टेम्पोवाला काही बोललासुद्धा नाही. घरी येऊन त्यांनी किल्ली फ्रिजवर ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. पुढे महिन्याभरात विरारचा कुणी माणूस येऊन गाडी घेऊन गेला.

उर्मिलाला गाडीचं असं कौतुक कधीच नव्हतं. भाजी कोपऱ्यावर मिळे, देऊळ पाच मिनिटांवर होतं. गाडीवाचून आपलं काय अडणार, असं तिला वाटलं होतं. काय अडलंय, ते ध्यानात यायला थोडे दिवस गेले. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती दोघं जे खरोखरचं बोलली, ते गाडीत. आधी जुन्या फियाटमध्ये, मग या गाडीत. दुसरं मूल नको, हे ठरलं ते हाजी अलीच्या सिग्नलला. सासूबाईंना आता इस्पितळात हलवायचं नाही, हे लालबागला ट्रॅफिकमध्ये अडकली असताना. ते रस्त्याकडे बघत, तीही रस्त्याकडे बघे. बोलता बोलता एखाद्याचा आवाज कापरा झाला, तरी दुसऱ्याला बघावं लागत नसे.

घरी ते जमत नव्हतं. आणि हल्ली बाजूचं दिसत नसल्यामुळे तिने हाक मारली की अच्युतराव अख्खी मान वळवून तिच्या चेहऱ्याकडे रोखून बघत.

अकरा दिवसांपूर्वी पुण्याहून ऋग्वेदाचा फोन आला होता. "आई, अजित आणि मी वेगळे होतोय. बाबांना तू सांग. माझ्याच्याने नाही होणार." एकुलती एक मुलगी, लग्नाला नऊ वर्षं झालेली. त्या रात्री जेवताना उर्मिलाने "अहो," म्हटलं. त्यांनी घास ताटात ठेवून मान वळवली.

"काय?"

"काही नाही. ताक देऊ?"

तेव्हापासून रोज ताकच वाढलं जात होतं. घर दोन खोल्यांचं, पण दिवसभर ती एका खोलीत आणि ते दुसऱ्या. दुपारी ती भांडी पुन्हा एकदा पुसून ठेवी. आणि परवा रविवारी ऋग्वेदा सामान घेऊन येणार होती.

परळच्या दवाखान्यात डोळ्यांचं प्रेशर तपासलं. होतं तसंच होतं. थेंब बदलून दिले. दोघं बाहेर आली तेव्हा दुपार कलली होती. स्टॉपवरची सगळी माणसं नुकत्याच आलेल्या बसने गेली होती. बाकडं रिकामं होतं. अच्युतराव बसले, त्यांच्या शेजारी ती बसली. समोरून गाड्या जात होत्या.

"ऋग्वेदा रविवारी येतेय," समोर बघतच ती म्हणाली.

"हं."

"राहायला येतेय. ती आणि अजित—"

"माहीत आहे."

उर्मिलाने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"अजितचा फोन आला होता मला," अच्युतराव म्हणाले. "गेल्या सोमवारी. तू देवळात गेली होतीस."

"मग इतके दिवस बोलला नाहीत ते?"

त्यांनी औषधाची पिशवी एका गुडघ्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवली.

"कुठे बोलणार?"

एक टँकर मोठा आवाज करत गेला.

"तिच्या कपाटात माझ्या फायली आहेत," ते म्हणाले. "काढायला हव्यात."

"उद्या काढू."

"आल्या आल्या तिला काही विचारायचं नाही."

"मी नाही विचारत. तुम्हीच विचाराल."

"मी विचारीनच बहुतेक," अच्युतराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज थोडा कापरा झाला. उर्मिला समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचत राहिली.

वळणावरून लाल बस येताना दिसली. अच्युतराव पिशवी सावरून अर्धवट उठले. तपासणीच्या थेंबांमुळे अजून धूसर दिसत होतं; डोळे बारीक करून त्यांनी पाटीवर नजर लावली.

"कितवी आहे गं?"

उर्मिलाला आकडा स्वच्छ दिसत होता. त्याच्या शेजारी गिरगाव लिहिलेलंही दिसत होतं.

"आपली नाही," ती म्हणाली.

बस थांबली. आतून कुणी उतरलं नाही. दार मिटलं आणि बस लालबागच्या दिशेने निघून गेली. अच्युतराव पुन्हा बाकड्यावर टेकले, आणि अजित फोनवर काय काय म्हणाला, ते सुरुवातीपासून सांगू लागले.