लगामाचे हात

“श्शा! श्शा!” बा ओरडला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी सुसाट सुटली. खळ्याच्या कडेला निवडुंगाचं कुंपण होतं. बा, गाडी आणि बाच्या डोक्यावरचं माझं लाल हेल्मेट, तिघंही त्यात घुसली.

मी धावत गेले. बा तिथंच बसल्या बसल्या गाडीचा उद्धार करत होता.

“बा, ब्रेक दाबायचा म्हणून सांगितलं होतं ना?”

“केवढ्या जोरात ओढलं मी!”

“ओढलंस. तेच तर चुकलं.”

साठी ओलांडलेला माझा बा जन्मभर खेचरावर बसला. खेचर उधळलं की दोन्ही हात छातीशी ओढायचे आणि ‘श्शा’ म्हणायचं, एवढंच त्याच्या हातांना ठाऊक. गाडीवर घाबरला की तो तेच करायचा. हँडल ओढताना उजवी मूठ मागं वळायची आणि वेग वाढायचा. वेग वाढला की तो आणखी घाबरायचा आणि आणखी ओढायचा.

बा खोगिरं शिवायचा. आयुष्यभर त्याने खोगीरभरती केली, आणि तीही खरीखुरी, पेंढा ठासून. डोंगरात खेचरं होती तोवर मंगळवारच्या बाजारात त्याच्या ओट्यापुढं गर्दी असायची. मग ज्याच्या त्याच्या दारात मोटरसायकल आली. बा डगमगला नाही. त्याच दाभणाने तो फाटक्या सीटा शिवू लागला. “अख्ख्या खोऱ्याची बुडं माझ्यामुळं सुखात आहेत,” असं तो पुदिन्याचा चहा पिताना ऐकवायचा. स्वतः मात्र बाजाराला खेचरावरूनच जायचा.

या हिवाळ्यात खेचर म्हातारपणाने गेलं. बाजाराला जाणारी व्हॅन आमच्या गावात यायची बंद झाली होती, कारण ती भरेल इतकी माणसंच गावात उरली नव्हती. बाचा ओटा रिकामा राहू लागला. कासाब्लांकाहून माझ्या भावाचा, इद्दरचा, फोन आला, “दोघं इकडंच या. एक खोली रिकामी आहे.” इद्दर मनाचा चांगला आहे. पण चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत बा खिडकीशी बसून नुसता रस्ता बघत राहील, हे मला दिसत होतं.

मी माराकेशला बायकांचे केस कापते. तिथं पोरीबाळींपासून आज्यांपर्यंत सगळ्याजणी गाडी चालवतात. तेव्हा मी सुट्टी काढली आणि माझी जुनी गाडी घेऊन गावी आले. छोटी गाडी, गिअर नाही, दोन हातांना दोन ब्रेक. बा गाडी शिकला तर ओटा राहील आणि घरही राहील, एवढा साधा हिशोब होता.

इम्मीने, म्हणजे माझ्या आईने, त्या कुंपणाच्या दिवशी संध्याकाळी बाच्या पाठीतले काटे उपटले.

“हळू गं.”

“निवडुंगाला सांगायचं होतं हळू म्हणून.”

पुढं बा पुष्कळ सुधारला. सपाटीवर छान जायचा, वळणावर वेग कमी करायचा. दोन बोटं कायम ब्रेकवर ठेवायचाही. मला वाटलं, जमलं. मग एका सकाळी शेजारच्यांची मेंढी भिंतीवरून खळ्यात उतरली. बा दचकला, दोन्ही हात छातीशी आले, आणि गाडी मेंढीच्या शेपटीला घासून पुढं गेली. मेंढीला काही झालं नाही.

बा मात्र गाडी लावून भिंतीवर बसला. मग त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली.

“रकिया, बास.”

“बा, थोडं राहिलंय रे.”

“उद्या मेंढीच्या जागी कुणाचं लेकरू असेल. डोक्याला कळतंय गं, हातांना नाही कळत. इद्दरला सांग, सणानंतर येतो म्हणून.”

एवढं बोलून तो घरात गेला. मला रडू आलं. त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच आलं.

इम्मी दारात गहू निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं, ओढणीला हात पुसले आणि म्हणाली, “मला बसव.”

“तू?”

“का? मला हात नाहीत?”

इम्मी कधी खेचरावर बसलीच नव्हती. बा वर बसायचा आणि ती गाठोडं घेऊन मागून चालायची. आमच्याकडं सगळ्याच बायका तशा चालायच्या. लगाम तिच्या हातांना ठाऊकच नव्हता. थांब म्हटलं की ती ब्रेक दाबायची, गाडी मुकाट थांबायची. खोड एकच, ती सारखी पुढच्या चाकाकडं बघायची.

“इम्मी, लांब बघ. जिकडं बघशील तिकडंच गाडी जाते.”

“लांब बघायची सवय कुठाय मला? इतकी वर्षं खेचराचे खूर बघत चालले.”

पण शिकली. चार दिवसांत अक्रोडाच्या झाडाला वळसा घालून, कोंबड्या चुकवून परत येऊ लागली. बा खिडकीतून बघायचा आणि मी बघितलं की खिडकी लावून घ्यायचा.

सोमवारी रात्री जेवताना इम्मी म्हणाली, “रकियाच्या बा, दाभणं काढून ठेवा. उद्या बाजाराला जायचंय.”

“मी बाईच्या मागं बसू? सगळं गाव दात काढेल.”

“काढू दे. मी तुमच्या मागनं जन्म काढला, तेव्हा कुणी हसलं नाही.”

बाने घास खाली ठेवला. मग उठला आणि अवजारांची पिशवी शोधू लागला. मला बाची दया आली आणि इम्मीचा अभिमान वाटला, दोन्ही एकदमच.

सकाळी इम्मीने ओढणीवर हेल्मेट चढवलं. बा मागं बसला, दोघांच्या मधे पिशवी घेऊन, हात मागं कॅरिअरला घट्ट. ओढ्यापर्यंत मी सोबत चालत गेले. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलंच, “हम्मू, ही कुठं पळवून नेतीय तुला?”

“बाजारात!” बा म्हणाला. “तुझी सीट फाटलीय, घेऊन ये!”

टपरी हसली. पुढं उतार होता आणि रस्ता ओढ्यातूनच पलीकडं जात होता. इम्मीने दोन्ही ब्रेक हळूच दाबून गाडी उभी केली आणि मागं न बघता म्हणाली, “धरा नीट.”

“धरलंय की.”

“ते नाही. मला धरा.”

चारचौघांत त्याने कधी तिचा हातसुद्धा धरला नव्हता. त्याने एकदा टपरीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग मधली पिशवी उचलून पाठीवर टाकली, दोन्ही हात तिच्या कमरेभोवती घातले आणि डोळे मिटून घेतले.

इम्मीने गाडी पाण्यात घातली.