डावी बाजू

तो खोडरबराचा चुरा झटकायला गेला आणि घामेजलेला तळहात कागदावर फिरला. चित्रातल्या ताईच्या कपाळावर काळा फराटा उमटला. त्याला स्वतःच्या हाताची शिसारी आली. इतकी वर्षं कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं काढून हात पार ऐतखाऊ झाला होता. पडद्यावर आपण अर्धा चेहरा काढायचा, उरलेला अर्धा आरशातल्यासारखा आपोआप उमटायचा. पाठ्यपुस्तकांतली कितीतरी गुटगुटीत मुलं त्याने अशीच उरकली होती.

ताईचा चेहराही परवा तसाच उरकला. सोमवारी तिच्या जबड्याचं ऑपरेशन होतं आणि त्याआधी तिला भावाच्या हातचं आपलं चित्र हवं होतं. ते बघून ती एवढंच म्हणाली,

"छान आहे. कोण ही?"

म्हणून आज कागद-पेन्सिल. उजवी बाजू कशीबशी जमली आणि तिथेच गाडी अडली. डावी काढायला जावं तर उजवीच उलटी होऊन येई. खोडून खोडून कागदाला लव सुटली, बोटं काळीकुट्ट झाली. शी, आणि लोक आपल्याला चित्रकार म्हणतात, असं मनात येऊन त्याने पेन्सिल टेबलावर आपटली.

"तिच्यावर कशाला राग काढतोस?" ताई म्हणाली.

"डावी बाजू येतच नाहीये गं."

"येईल कशी? बसलायस कुठे ते बघ."

तो दाराशी, तिच्या उजव्या हाताला बसला होता. तिच्या डाव्या जबड्यावरची गाठ वाढायला लागल्यापासून तो इथेच बसे. भाऊजीही इथेच बसत. डावीकडच्या, खिडकीजवळच्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग साचला होता.

त्याने ढीग उचलून पलंगावर टाकला आणि त्या खुर्चीवर बसला. ताईने गालावरची शाल खाली घेतली. कातडी ताणून चकाकत होती, कडेला पू वाळला होता. वासही येत होता. त्याची नजर आपोआप कागदाकडे पळाली.

"किळस येते ना?" ताईने विचारलं.

त्याने मान डोलावली. खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं.

"मलाही येते. मीसुद्धा आरशात उजवीच बघते."

त्याने नवा कागद घेतला. पेन्सिलीला टोक केलं आणि सुरुवात गाठीपासूनच केली. ताई खिडकीबाहेर बघत बसली. बऱ्याच वेळाने तिने मान न वळवता विचारलं,

"फार मोठी काढतोयस का रे?"

"आहे तेवढीच."