वारज्याचा पत्ता

मी मेहरुनची स्कूटर बोलतेय. बोलतेय कसली, शिसारी आलीय म्हणून मनातलं ओकतेय म्हणा!

स्वारगेटजवळच्या दुकानातून तिच्या अब्बांनी मला आणलं, तेव्हा वाटलं, कॉलेज, सिनेमा, लग्नकार्यं. कसलं काय! मेहरुनला नोकरी लागली ती कॅन्सर नोंदणीच्या कार्यालयात. शहरात हा रोग कुणाला झाला, कुठल्या भागात वाढतोय, हे वर्षानुवर्षं टिपून ठेवायचं, म्हणजे कधीतरी कारण हाती लागतं. ती दवाखाने पालथे घालते, पत्ते पडताळते. मी बाहेर ऊन खात उभी. येणारा-जाणारा माझ्याच चाकावर पिंक टाकतो. दवाखान्याच्या दारात! शी!

एकदा वारज्यातल्या एकाच फ्लॅटच्या पत्त्यावर पोटाच्या कॅन्सरच्या बऱ्याच बायका निघाल्या. आम्ही गेलो. तिथं राहणारा वैजनाथ पार्किंगमध्येच भेटला. विदर्भातून आलेला, कारखान्यात कामाला.

"सगळ्या इथंच राहतात, मॅडम. कित्येक वर्षं."

"दोन खोल्यांत?"

तो गडबडला, मग खरं काय ते बोलला. गावचं कुणी उपचाराला आलं की हा आपला पत्ता द्यायचा. बाहेरचे म्हणून दवाखान्यातून हाकलतील, ही धास्ती. त्याची आई विमलाबाई त्यांतलीच एक.

"अहो दादा, तुमचे उपचार कुणी थांबवत नाही. पण सगळ्या वारज्याच्या लिहिल्या, तर तुमच्या गावात काय बिघडलंय ते कळणार कसं? तिकडे अजून कोण आहे?"

"धाकटी बहीण. श्रद्धा," तो म्हणाला, आणि मग त्यानं गावाचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या आवारात साहेबांनी माझ्या सीटवर चहाचा कप टेकवून सगळं ऐकलं.

"आपल्या हद्दीबाहेरचं आहे. नावं काढून टाका."

"सर, त्या जिल्ह्यात नोंदणीच नाही. निदान तिथल्या आरोग्य खात्याला कळवू तरी."

"इथं समाजसेवा करायला आलात का?"

कप तिथंच ठेवून ते गेले. डाग अजून आहे. पुण्याची नोंद स्वच्छ झाली आणि त्या बायका कुठल्याच नोंदीत उरल्या नाहीत. किळस येते हो मला असल्या स्वच्छतेची! मेहरुननं तिकडे स्वतःहून फोन लावले. कुणी दाद दिली नाही.

आता मी पार खिळखिळी झालेय. गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या फाटकाशी उभी होते. वैजनाथ दिसला. सोबत एक मुलगी, तिला उभं राहवेना. त्यानं तिला माझ्या सीटवर बसवलं. इतकी हलकी, की स्प्रिंगही दबली नाही. श्रद्धाच ती.

तेवढ्यात मेहरुन बाहेर आली.

"मॅडम, तेव्हा गावाचं नाव लिहिलंत ना? तिकडे कुणीच आलं नाही." मग खालच्या आवाजात, "हिचा पत्ता कुठला सांगू?"

मेहरुन माझं हँडल घट्ट धरून उभी राहिली. मी नुसती गाडी. तुम्ही माणसं आहात ना? मग द्या त्याला उत्तर.